पोलाद कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड पकडणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या उत्तरांत टन म्हणजे १,००० किलो. वायूचे घनमीटर ० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या दाबाला मोजलेले आहेत. प्रत्येक भट्टीचे आकडे थोडे वेगळे असतात. इथे प्रातिनिधिक आकडे घेतले आहेत, हिशेबाची रीत मात्र सगळीकडे तीच राहते. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, कारण उत्तरे एकमेकांचा आधार घेतात.

१. कोळसा उष्णतेसाठीच जाळतात ना? मग विजेवर भट्टी तापवली की काम झालं, असं का नाही?

कारण झोतभट्टीत, म्हणजे ब्लास्ट फर्नेसमध्ये, कोक, म्हणजे हवेशिवाय भाजलेला दगडी कोळसा, तीन कामे एकाच वेळी करतो. तो उष्णता देतो. त्यातून तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो. आणि वरच्या शेकडो टनांच्या भाराखाली चुरा न होता तो वायूला वर जायला आणि वितळलेल्या लोखंडाला खाली झिरपायला वाट ठेवतो. यातले दुसरे काम मूळ रसायनाचेच आहे : लोहाच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन निघाला की तो कार्बनबरोबर डायऑक्साइड होऊन बाहेर येतो. वीज उष्णतेची जागा घेऊ शकते, पण नुसत्या तापवण्याने ऑक्सिजन निघत नाही. त्यासाठी कार्बन, हायड्रोजन किंवा विद्युत विच्छेदन यांपैकी काहीतरी लागतेच. याशिवाय चुनखडी भाजली की तिच्यातूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो वेगळा.

२. एक टन पोलादामागे नेमका किती कार्बन डायऑक्साइड निघतो?

झोतभट्टी आणि ऑक्सिजन कन्व्हर्टर (द्रव लोखंडावर ऑक्सिजन फुंकून पोलाद करणारे भांडे) यांच्या वाटेने साधारण २.२ ते २.३ टन. नैसर्गिक वायूवर स्पंज आयर्न (न वितळवता ऑक्सिजन काढलेले लोखंड) करून ते विजेच्या भट्टीत वितळवले तर १.४ टनांच्या आसपास. भंगार विजेच्या भट्टीत वितळवले तर, वीजनिर्मितीचा वाटा धरून, सुमारे ०.७ टन. वीज स्वच्छ असेल तर त्याहूनही कमी. जगात वर्षाला सुमारे १९० कोटी टन पोलाद तयार होते आणि त्यातले ७० टक्के पहिल्या वाटेने येते. म्हणून या पानावर झोतभट्टीलाच जास्त जागा दिली आहे.

३. झोतभट्टीच्या चिमणीवर यंत्र बसवलं की झालं, नाही का?

सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतो. झोतभट्टीला त्या अर्थाने स्वतःची चिमणी नसते. तिच्या माथ्यावरून निघणारा वायू जळाऊ असतो. तो धूळ काढून नळांतून कारखानाभर फिरवला जातो आणि प्रत्यक्षात जळतो तो दुसरीकडेच : साधारण तिसरा हिस्सा झोताची हवा तापवणाऱ्या हॉट स्टोव्हमध्ये, बराचसा वीजघरात, आणि उरलेला कोक भट्ट्या व तापभट्ट्यांत. त्यामुळे एकाच भट्टीतला कार्बन पाच-सहा चिमण्यांतून बाहेर पडतो.

त्या चिमण्याही सारख्या नसतात. हॉट स्टोव्हच्या धुरात कार्बन डायऑक्साइड २५ टक्क्यांपर्यंत असतो. झोतभट्टीचा वायू जाळणाऱ्या वीजघरातही तो जवळपास तितकाच असतो. सिंटर प्लांटच्या, म्हणजे बारीक खनिज भाजून त्याच्या ढेपा करणाऱ्या संचाच्या, धुरात तो ५ ते १० टक्केच असतो, पण सोबत १५ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन, गंधकाचे ऑक्साइड आणि बारीक धूळ असते. पातळ आणि घाण, दोन्ही. सिंटरपासून सुरुवात करावी का, असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर एकच : नको. ती चिमणी सर्वांत शेवटी घ्या.

म्हणून यंत्र निवडण्याआधी कारखान्याचा कार्बन ताळेबंद मांडावा : कोळसा, कोक, चुनखडी आणि वायूतून किती कार्बन आत येतो आणि कोणत्या नळातून किती बाहेर जातो. हा एक तक्ता नसेल तर पुढचा प्रत्येक आकडा हवेत राहतो.

४. झोतभट्टीचा वायू जाळण्याआधी पकडायचा की जाळल्यावर?

एक टन द्रव लोखंडाचा हिशेब करून पाहू. भट्टीत ३५० किलो कोक आणि १५० किलो कोळशाची भुकटी गेली असे धरा. कार्बन सरासरी ८६ टक्के, म्हणजे ४३० किलो. त्यातला सुमारे ४५ किलो लोखंडात विरघळून जातो. उरलेला ३८५ किलो माथ्यावरच्या वायूत. तो सगळा जळला तर १.४१ टन कार्बन डायऑक्साइड.

आता वायूच्या बाजूने पडताळा. वायू १,६०० घनमीटर, त्यात कार्बन डायऑक्साइड २२ टक्के, कार्बन मोनॉक्साइड २३ टक्के, हायड्रोजन ३ टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन. तयार कार्बन डायऑक्साइड ३५२ घनमीटर, म्हणजे ६९० किलो. मोनॉक्साइड ३६८ घनमीटर, तो जळल्यावर ७२० किलो होणार. बेरीज पुन्हा १.४१ टन.

या आकड्यांतच उत्तर आहे. वायू जाळण्याआधी त्यातला तयार डायऑक्साइड ९० टक्के कार्यक्षमतेने काढला तर ६२० किलो हाती लागतो. कारखान्याच्या एकूण उत्सर्जनाचा हा चौथा हिस्सा. उरलेला मोनॉक्साइड पुढे जळून पुन्हा डायऑक्साइड होणारच. ‘९० टक्के पकड’ असे ऐकले की ती कशाच्या ९० टक्के, हे म्हणून विचारावे लागते.

जाळण्याआधी पकडण्याचे फायदेही खरे आहेत. वायूत ऑक्सिजन जवळजवळ नसतो, त्यामुळे शोषक द्रावण टिकते. नळ एकच असतो. आणि डायऑक्साइड गेल्यावर वायूचे उष्मामूल्य घनमीटरमागे ३.२ वरून ४ मेगाज्यूलवर जाते. जोडीला कोक भट्टीचा वायू मिसळावा लागत होता, तो वाचतो.

मोनॉक्साइडही पकडायचा असेल तर दोन वाटा आहेत. एक, वाफेशी अभिक्रिया करून त्याचा डायऑक्साइड आणि हायड्रोजन करायचा, मग डायऑक्साइड काढून हायड्रोजनयुक्त वायू जाळायचा (प्रश्न ८). दोन, जाळल्यावर वीजघर आणि स्टोव्हच्या चिमण्यांवर पकडायचे. पहिल्या वाटेत एकच मोठा संच लागतो, पण गॅस बर्नर बदलावे लागतात. दुसऱ्या वाटेत कारखान्याची घडी मोडत नाही, पण संच अनेक लागतात.

५. अमाइनची पद्धत म्हणजे प्रत्यक्षात काय चालतं?

वायू आधी पाण्याच्या फवाऱ्याखाली ४० अंशांपर्यंत थंड करतात. मग तो पॅकिंग भरलेल्या उंच मनोऱ्यात, म्हणजे अॅब्सॉर्बरमध्ये, खालून वर जातो आणि वरून अमाइनचे द्रावण झिरपते. जुन्या पद्धतीत हे द्रावण पाण्यात ३० टक्के मोनोइथेनॉलअमाइन असते. ते डायऑक्साइड धरून ठेवते. ‘भरलेले’ द्रावण उष्णता विनिमयकातून जाऊन स्ट्रिपर मनोऱ्यात पोचते, तिथे वाफेने १२० अंशांपर्यंत तापते आणि डायऑक्साइड सोडून देते. ‘रिकामे’ द्रावण थंड होऊन परत पहिल्या मनोऱ्यावर. वर आलेला वायू थंड करून पाणी काढले की ९९ टक्क्यांहून शुद्ध डायऑक्साइड उरतो.

किती द्रावण फिरवावे लागते? दर मोल अमाइनमागे डायऑक्साइडचा भार रिकाम्यात ०.२ मोल आणि भरलेल्यात ०.५ मोल धरला, तर एक टन डायऑक्साइडसाठी सुमारे १५ टन द्रावण. वर्षाला १० लाख टन पकडणारा संच ८,००० तास चालला तर तासाला १२५ टन डायऑक्साइड आणि जवळपास १,९०० टन द्रावण. स्टोव्हच्या २५ टक्क्यांच्या धुरासाठी अॅब्सॉर्बर साडेसात मीटर व्यासाचा होतो. हाच डायऑक्साइड ५ टक्क्यांच्या धुरातून काढायचा तर मनोऱ्याचे क्षेत्रफळ पाचपट लागते. पातळ चिमणी महाग का पडते, ते यावरून लक्षात येईल.

६. वाफ किती लागते आणि ती आणायची कुठून?

मोनोइथेनॉलअमाइनला टनामागे ३.५ ते ४ गिगाज्यूल, सुधारित द्रावणांना २.२ ते ३ गिगाज्यूल. ३ गिगाज्यूल धरले तर एका टनामागे कमी दाबाची सुमारे १.४ टन वाफ. वर्षाला १० लाख टनांच्या संचाला तासाला १७५ टन वाफ लागते, म्हणजे अखंड १०४ मेगावॅट उष्णता. कारखान्यात एवढी ‘फुकट’ वाफ पडून नसते.

तरीही शोध तिथूनच सुरू करावा : सिंटर कूलरची गरम हवा, कोक कोरडा विझवण्याचा बॉयलर, कन्व्हर्टरच्या हुडची वाफ, स्टोव्हचा गरम धूर. स्ट्रिपरला १३० ते १४० अंशांची वाफ पुरते, त्यामुळे इतर ठिकाणी वाया जाणारी मध्यम उष्णता इथे कामी येते. एक अडचण लक्षात ठेवा : कन्व्हर्टरची वाफ दर हीटमध्ये, म्हणजे पोलादाच्या प्रत्येक घाण्यात, १५ ते २० मिनिटेच येते. मध्ये वाफसाठवण टाकी नसेल तर स्ट्रिपरचे तापमान झोके खात राहते आणि रिकामे द्रावण पुरते रिकामे होत नाही.

७. ‘पकडलेले टन’ आणि ‘टळलेले टन’ यांत फरक काय?

पकडण्यासाठी लागणारी वाफ आणि वीज स्वतः डायऑक्साइड सोडते. तो वजा केल्यावर उरतो तो टळलेला टन.

टनामागे लागणारी ३ गिगाज्यूल उष्णता ९० टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरमध्ये नैसर्गिक वायू जाळून मिळवली तर १९० किलोच्या आसपास नवा डायऑक्साइड तयार होतो. पकडला एक टन, टळला ०.८१ टन. पुढे दाबून भरण्याच्या कॉम्प्रेसरला टनामागे सुमारे १०० युनिट वीज लागते, तिचा वाटा वेगळा वजा होतो.

तीच वाफ झोतभट्टीचा वायू जाळून केली तर? या वायूत आधीच डायऑक्साइड भरलेला असल्याने त्याचे उत्सर्जन गिगाज्यूलमागे २६० किलो असते. ३.३३ गिगाज्यूलसाठी ८६५ किलो. कागदावर एक टन पकडला आणि बॉयलरच्या चिमणीतून ८६५ किलो सोडला. तो वायू एरवीही वीजघरात जळणारच होता, हा युक्तिवाद अर्धाच बरोबर आहे : मग तितकी वीज बाहेरून घ्यावी लागेल आणि तिचे उत्सर्जन मोजावे लागेल. झोतभट्टीच्या वायूवर वाफ करायची असेल तर त्या बॉयलरची चिमणीही पकड संचाला जोडली पाहिजे. कोणत्याही प्रस्तावात ‘टळलेल्या टनां’चा आकडा नसेल तर तो प्रस्ताव अपुरा समजावा.

८. अमाइनशिवाय दुसरा मार्ग आहे का?

आहेत. दाब बदलून शोषण करणाऱ्या पद्धतीत वायू घन शोषकावरून जातो आणि नंतर निर्वात करून डायऑक्साइड सोडवला जातो. वाफ लागत नाही, वीज लागते. झोतभट्टीच्या वायूसारख्या, डायऑक्साइडचे प्रमाण जास्त असलेल्या वायूला ही पद्धत चांगली जुळते, पण निघणाऱ्या डायऑक्साइडमध्ये नायट्रोजन आणि मोनॉक्साइड उरतात, ते पुढे गोठवून किंवा ऊर्ध्वपातनाने काढावे लागतात (शुद्धतेसाठी प्रश्न १३).

दुसरा मार्ग म्हणजे हायड्रोटॅल्साइटसारख्या घन शोषकावर मोनॉक्साइड आणि वाफेची अभिक्रिया आणि शोषण एकत्र करणे. स्वीडनमधल्या लुलिओ इथे झोतभट्टीच्या खऱ्या वायूवर याची चाचणी दिवसाला १४ टनांच्या प्रमाणात झाली. प्रश्न ४ मधला उरलेला मोनॉक्साइड यातच पकडला जातो, हे त्याचे खरे बळ आहे. पटल (मेम्ब्रेन) वापरून वेगळे करण्याची पद्धतही आहे, पण एका टप्प्यात तिला शुद्धता आणि प्रमाण दोन्ही साधत नाही.

९. डायऑक्साइड काढलेला वायू परत भट्टीत का सोडत नाहीत?

सोडता येतो. डायऑक्साइड काढल्यावर उरलेला मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन पुन्हा ओढू शकतो, म्हणजे कोक वाचतो. पण त्यासाठी हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन फुंकावा लागतो, नाहीतर नायट्रोजन फेरीगणिक साचत जातो. लुलिओच्या प्रायोगिक भट्टीवर २००७ मध्ये हा प्रयोग झाला आणि कार्बनचा वापर सुमारे चौथा हिस्सा घटला.

अडते तीन ठिकाणी. परत सोडायचा वायू ९०० अंश किंवा त्याहून जास्त तापवावा लागतो, आणि ४०० ते ८०० अंशांच्या पट्ट्यातून जाताना मोनॉक्साइडचे विघटन होऊन नळ्यांत काजळी बसते, धातूही भुकटीसारखा झिजतो. दुसरे, ऑक्सिजन संचाची वीज. तिसरे म्हणजे ज्या वायूवर वीजघर आणि तापभट्ट्या चालत होत्या, तो आता बाहेर येतच नाही, त्याची भरपाई दुसऱ्या इंधनाने करावी लागते. छोट्या भट्टीवर जे साधले ते मोठ्या भट्टीवर थांबले, त्याला ही तिन्ही कारणे आहेत.

१०. द्रावण लवकर काळं पडतं, फेस येतो, पकड घटते. चुकतं कुठे?

रोज एक नमुना काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात धरावा, इतकी ही साधी तपासणी आहे. नवे द्रावण पाण्यासारखे किंवा फिकट पिवळे असते. कोऱ्या चहासारखे झाले की ऑक्सिडेशन सुरू झाले समजा. शाईसारखे काळे आणि बाटली हलवल्यावर फेस दहा-पंधरा सेकंद टिकत असेल तर संच बंद पडायच्या वाटेवर आहे.

पोलाद कारखान्यात याची कारणे ठरलेली आहेत.

लोहाची धूळ. विरघळलेले लोह अमाइनच्या ऑक्सिडेशनला उत्प्रेरक ठरते. वीजकेंद्रात राखेचा त्रास होतो, इथे धूळच लोहाची असते, म्हणून त्रास दुप्पट. वायू घनमीटरमागे ५ मिलिग्रॅमच्या खाली स्वच्छ हवा, शिवाय द्रावणाचा दहावा-विसावा हिस्सा सतत फिल्टर आणि सक्रिय कोळशातून फिरवावा.

सल्फर डायऑक्साइड. अमाइनबरोबर तो तापवूनही न सुटणारे क्षार करतो. धुरात तो १० पीपीएमच्या (दहा लाखांत १० भागांच्या) खाली आणावा. कोक भट्टीचा वायू मिसळून जाळणाऱ्या चिमणीवर याची जास्त काळजी घ्यावी लागते.

न जाळलेल्या वायूवर पकडत असाल तर शत्रू वेगळे असतात : हायड्रोजन सायनाइडपासून थायोसायनेट, मोनॉक्साइडपासून फॉर्मेट, आणि कार्बोनिल सल्फाइड. यांचे क्षारही साचत जातात. साचलेले क्षार रिक्लेमरमध्ये ऊर्ध्वपातन करून किंवा आयन विनिमयाने काढतात.

फेस वाढत असल्याची पहिली खूण पॅकिंगवरच्या दाबफरकात दिसते. तो चढू लागला की लगेच फेसनाशक ओतण्याची घाई होते. आधी फिल्टर तपासा. फेसनाशकाचा मारा केला तर सक्रिय कोळसा त्यानेच भरून जातो आणि मूळ घाण द्रावणातच राहते.

वरच्या टोकातून अमाइनचे बारीक धुके जात असेल तर नुसते पाणी मारून ते थांबत नाही. सल्फर ट्रायऑक्साइड आणि अतिसूक्ष्म धुळीच्या कणांवर बसलेले थेंब इतके लहान असतात की ते पाण्याच्या पडद्यातून निसटतात. उपाय मनोऱ्याच्या आधी, वायू स्वच्छ करण्यात आहे.

११. स्पंज आयर्नच्या कारखान्यात हे सोपं असतं, असं ऐकलं. खरं आहे?

वायूवर चालणाऱ्या काही संचांत खरे आहे. एचवायएल किंवा एनर्जिरॉन पद्धतीत माथ्यावरचा वायू पुन्हा वापरण्यासाठी त्यातला डायऑक्साइड काढणे हा प्रक्रियेचाच भाग आहे. तो आधीच शुद्ध आणि वेगळा मिळतो, फक्त हवेत सोडायचा की वापरायचा एवढेच ठरवायचे असते. अबू धाबीत २०१६ पासून असाच डायऑक्साइड, वर्षाला ८ लाख टनांपर्यंत, दाबून ४३ किलोमीटर नळातून तेलक्षेत्रांत नेला जातो.

मिड्रेक्स पद्धतीत गोष्ट वेगळी आहे. तिथे माथ्यावरच्या वायूतला डायऑक्साइड रिफॉर्मरमध्ये नैसर्गिक वायूशी अभिक्रियेसाठीच वापरतात आणि साधारण तिसरा हिस्सा वायू बर्नरमध्ये जळतो. म्हणून पकड रिफॉर्मरच्या चिमणीवर करावी लागते. कोळशावर चालणाऱ्या फिरत्या भट्टीचा धूर तर पातळ आणि धुळीने भरलेला असतो. तिथे ‘सोपे’ हा शब्द वापरू नये.

१२. विजेच्या भट्टीवर किंवा कन्व्हर्टरवर पकड संच बसवावा का?

भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीवर नको. तिचे थेट उत्सर्जन टनामागे १०० किलोच्या आसपास किंवा कमी, तेही थांबत-थांबत आणि शोषून घेतलेल्या हवेत पातळ झालेले.

कन्व्हर्टरचा वायू श्रीमंत असतो : ५५ ते ७० टक्के मोनॉक्साइड. तो पकडून गॅसहोल्डरमध्ये साठवणे आणि इंधन म्हणून वापरणे हे पहिले काम. अजूनही हा वायू मशालीवर जाळून टाकणारे कारखाने आहेत. त्यांनी पकड संचाआधी गॅसहोल्डर बांधावा.

१३. पकडलेला वायू नळात किंवा जहाजात भरण्याआधी काय करावं लागतं?

कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू ३१.१ अंश आणि ७३.८ बार. नळातून नेताना दाब १०० बारच्या वर ठेवतात, म्हणजे तो द्रवासारखा घट्ट वाहतो आणि मध्येच वायू-द्रव अशी फाटाफूट होत नाही. जहाजासाठी उलट, १५ बारच्या आसपास आणि उणे २५ ते ३० अंश.

दाबण्याआधी पाणी काढणे अत्यावश्यक. ओला डायऑक्साइड कार्बोनिक आम्ल होतो आणि साध्या पोलादाचा नळ आतून खातो. आण्विक चाळणीने किंवा ग्लायकॉलने पाणी ५० पीपीएमच्या खाली आणतात. पोलाद कारखान्याच्या वायूत मोनॉक्साइड आणि हायड्रोजन विरघळून पुढे येण्याचा धोका असतो. भरलेले द्रावण स्ट्रिपरआधी कमी दाबाच्या टाकीत सोडले की ते बरेचसे निघून जातात. ही टाकी आराखड्यातून वगळून खर्च वाचवू नये.

साठवण ८०० मीटरपेक्षा खोल सच्छिद्र खडकात करतात, कारण त्या दाबाला वायू घट्टच राहतो. नॉर्वेच्या स्लाइपनर क्षेत्रात १९९६ पासून हे चालू आहे.

१४. सुरक्षिततेत लोक कुठे चुकतात?

ऑक्सिजन मीटरवर विसंबतात. हवेत ४ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला तर तो जिवाला तत्काळ धोका मानला जातो, पण ऑक्सिजन तेव्हा २०.९ वरून २०.१ टक्क्यांवरच येतो. १९.५ ला वाजणारा अलार्म गप्प राहतो. म्हणून डायऑक्साइडचे स्वतंत्र सेन्सर लागतात, आणि तेही जमिनीलगत, कारण हा वायू हवेच्या दीडपट जड असून खड्ड्यात, नळांच्या चरात, पंपाच्या तळघरात साचतो.

दुसरा धोका मोनॉक्साइडचा. झोतभट्टीच्या वायूत तो २३ टक्के असतो आणि १,२०० पीपीएमला, म्हणजे ०.१२ टक्क्यालाच, धोक्याची पातळी येते. त्याला वास नाही. संच उघडण्याआधी नायट्रोजनने धुऊन मग हवा सोडावी, प्रत्येक फ्लँजला आंधळी प्लेट घालावी, नुसत्या झडपेवर भरवसा ठेवू नये.

तिसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते : हायड्रोजन सल्फाइड असलेल्या वायूवर चाललेल्या मनोऱ्यात लोह सल्फाइडचा थर बसतो आणि हवा लागताच तो आपोआप पेटू शकतो. उघडताना पॅकिंग ओले ठेवा.

१५. पकडलेला डायऑक्साइड इथेनॉल, मिथेनॉल किंवा शीतपेयांसाठी वापरला तर तो ‘टळला’ असं धरायचं का?

बहुतेक वेळा नाही. शीतपेयातला वायू झाकण उघडले की हवेत जातो. इथेनॉल जाळल्यावर कार्बन पुन्हा बाहेर येतो. फायदा एवढाच की त्या जागी खनिज इंधन किंवा वेगळा बनवलेला वायू वापरला असता तर तो वाचला. त्याचे श्रेय पोलाद कारखान्याने घ्यायचे की इंधन विकणाऱ्याने, हे करारात आधीच लिहून घ्यावे. दोघांनी घेतले तर तीच कपात दोनदा मोजली जाते.

प्रमाणही पाहावे. बेल्जियममधल्या घेंट इथे डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालेला संच जिवाणूंच्या मदतीने झोतभट्टीच्या वायूपासून वर्षाला ८ कोटी लिटर इथेनॉल करण्यासाठी बांधला आहे. एवढ्या इथेनॉलमधला कार्बन सुमारे १.२ लाख टन डायऑक्साइडइतका होतो. ५० लाख टन पोलाद करणारा कारखाना झोतभट्टीच्या वाटेने एक कोटी टनांहून जास्त सोडतो. काम मोलाचे आहे, पण ते एक टक्क्याचे काम आहे.

१६. स्लॅगमध्येच कार्बन डायऑक्साइड मुरवता येतो ना?

येतो, पण थोडा. एक टन पोलादामागे कन्व्हर्टरची स्लॅग, म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगणारी मळी, १०० ते १५० किलो आणि तिच्यात चुना ४० ते ५० टक्के. सगळ्या चुन्याने डायऑक्साइड घेतला तरी ६० किलोच्या आत. प्रत्यक्षात बराच चुना सिलिकेटमध्ये अडकलेला असतो, म्हणून १० ते २० किलो. प्रश्न २ मधल्या २.२ टनांशी ताडून पाहा. खरा लाभ दुसरा आहे : मोकळा चुना स्थिर झाल्याने स्लॅग नंतर फुगत नाही आणि रस्त्याच्या खडीत वापरता येते.

१७. आज हे खऱ्या कारखान्यात कुठे चालू आहे?

प्रश्न ११ मधल्या अबू धाबीशिवाय, जपानमध्ये मुरोरान इथे २०१४ पासून हॉट स्टोव्हच्या धुरातून दिवसाला १२० टन डायऑक्साइड पकडून विकला जातो. फ्रान्समधल्या डंकर्क इथे दोन थरांत फुटणाऱ्या द्रावणाची चाचणी तासाला अर्ध्या टनाच्या संचावर झाली. या द्रावणाचा भरलेला थरच तापवायचा असल्याने वाफ कमी लागते. जमशेदपूरला सप्टेंबर २०२१ पासून झोतभट्टीच्या वायूवर दिवसाला ५ टनांचा संच आहे आणि उरलेला, जास्त उष्मामूल्याचा वायू परत गॅसजाळ्यात सोडतात.

एका मोठ्या झोतभट्टीचा वायू जाळल्यावर दिवसाला १२ ते १५ हजार टन डायऑक्साइड होतो. त्या मापाने वरचे झोतभट्टीवरचे सगळे संच लहान आहेत. पूर्ण झोतभट्टीचा कार्बन पकडून जमिनीखाली घालणारा कारखाना अजून उभा राहिलेला नाही.

१८. खर्च किती येतो?

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने पोलादासाठी पकडण्याचा खर्च टनामागे ४० ते १०० डॉलर असा धरला आहे. वाहतूक आणि साठवण त्यावर. ही दरी एवढी रुंद असण्याचे कारण चिमणीची निवड आणि वाफेचा स्रोत (प्रश्न ३ आणि ६). आणखी एक खर्च अंदाजपत्रकात हमखास विसरतो : जुन्या कारखान्यात दोन मीटर व्यासाचे वायुनळ रेल्वे रुळांवरून आणि रस्त्यांवरून नेण्याचा. संचासाठी मोकळी जागा बहुधा चिमणीपासून दूरच सापडते.

१९. हायड्रोजनवर पोलाद होणार असेल तर या संचात पैसे का घालायचे?

हे भट्टीच्या वयावर ठरते. झोतभट्टीचे आतले अस्तर १५ ते २० वर्षांनी बदलतात. पुढच्या तीन-चार वर्षांत अस्तर बदलायचे असेल तर पकड संच बांधण्याआधी भट्टी ठेवायची की नाही हे ठरवा, कारण हायड्रोजनची वाट धरली तर तो संच निरुपयोगी ठरेल. अस्तर नुकतेच बदलले असेल तर पुढची पंधरा वर्षे ती भट्टी चालणारच आहे आणि तिचा कार्बन पकडणे हाच हातातला उपाय आहे. हायड्रोजनच्या वाटेला एक टन पोलादामागे ५० ते ५५ किलो हायड्रोजन, सगळे मिळून तीन-साडेतीन हजार युनिट वीज आणि ६७ टक्क्यांच्या आसपास लोह असलेल्या खनिजाच्या गोळ्या लागतात. यातले काय मिळते आणि काय नाही, त्यावर निर्णय ठरतो. जवळ डायऑक्साइड साठवायला योग्य खडक नसेल तर हाच प्रश्न उलट बाजूने विचारावा लागतो.

२०. लाकडी कोळसा वापरून वर पकड संचही बसवला तर उत्सर्जन शून्याखाली जाईल का?

हिशेबाने जाऊ शकते, कारण झाडाने हवेतून घेतलेला कार्बन परत हवेत न जाता जमिनीत जातो. अट अशी की लाकूड पुन्हा वाढवलेल्या झाडांचे हवे, तोडलेल्या जंगलाचे नको, आणि कोळसा करतानाचे धूर व मिथेन ताळेबंदात धरलेले हवेत. दुसरी मर्यादा भट्टीची आहे. लाकडी कोळसा कोकइतका भार सोसत नाही. ब्राझीलमध्ये तो लहान भट्ट्यांत चालतो. मोठ्या भट्टीत कोकच्या जागी तो घातला तर थर चिरडून वायूची वाट बंद होते. तिथे तो फक्त खालून फुंकायच्या कोळशाच्या भुकटीच्या जागी घालता येतो, म्हणजे प्रश्न ४ मधल्या ५०० किलोंपैकी १५० किलोच्या जागी, तोही टप्प्याटप्प्याने. त्यात अल्कली आणि फॉस्फरस किती आहे हे दर खेपेला तपासावे, कारण फॉस्फरस थेट लोखंडात उतरतो आणि अल्कली भट्टीच्या अस्तराला चिकटून बसते.